नव्वदीचा चष्मा

१

नव्वदीला टेकलेल्या माणसाला वाढदिवसाला काय द्यावं, हा प्रश्न भल्याभल्यांना घाम फोडणारा आहे. त्याला जे हवं होतं ते एकतर मिळून गेलेलं असतं, नाहीतर ते आता मिळायचं नाही हे त्याला कळून चुकलेलं असतं. खारूच्या आजोबांच्या कपाटात खालच्या फळीवर गेल्या सहा वाढदिवसांच्या भेटी ओळीनं मांडून ठेवलेल्या होत्या. घडी न मोडलेला स्वेटर, मोठ्या बटणांचा रेडिओ, रबरी टोकाची काठी, पाय शेकायची पिशवी, मऊ सपाता आणि एक थर्मास. वापरत का नाही म्हणून विचारलं की आजोबा म्हणायचे, "जपून ठेवलंय." कशासाठी, ते मात्र सांगायचे नाहीत.

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. सहा वर्षांची असताना आईवडील एकापाठोपाठ गेले आणि ती आजोबांकडे आली. तेव्हा जेवणातला शेवटचा घास ती गालातच धरून ठेवायची. घास गिळला की जेवण संपलं, आणि जेवण संपलं की आजोबा छापखान्यात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाल फुगवून बसलेल्या त्या पोरीला आजोबा खारूताई म्हणायला लागले, आणि पुढे नुसतीच खारू. आता ती अडतीस वर्षांची झाली होती, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून नंबर काढायचं काम करत होती, गिऱ्हाइकं तिला मॅडम म्हणत होती. त्या एका तोंडी मात्र ती खारूच राहिली.

आणि त्या एका माणसाला ती सात वर्षांत दिसली नव्हती. आजोबांच्या डोळ्यांचा पडदा वयानं गेला होता. कडेकडेनं उजेड कळायचा, काही हललं तर कळायचं, पण जिथे बघायला जावं नेमका तिथेच राखाडी डाग. इलाज नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आणि खारूला ते डॉक्टरांच्याही आधी कळलं होतं. सात वर्षांत तिची कमरेपर्यंतची वेणी जाऊन मानेपुरते केस उरले, कानशिलं पांढरी झाली, ओठांच्या दोन्ही कडांना रेघा पडल्या. यातलं आजोबांना काहीच ठाऊक नव्हतं. कधी कधी तिला ते बरं वाटायचं. एरवी तिला वाटायचं, ज्यानं आपल्याला वाढवलं त्याच्याच डोळ्यांत आपण नसलो तर आपण फारसे कुठेच नाही. हे ती कधी कुणाजवळ बोलली नव्हती.

यंदा तिनं सरळ विचारायचं ठरवलं. सकाळी कामाला निघण्याआधी ती त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होती.

"आजोबा, नव्वदावा वाढदिवस आहे. या वेळी काय हवं ते तोंडानं सांगा. कपाटात आता जागा नाही."

"मला मेल्याला काय हवंय?" आजोबा हसले. मग म्हणाले, "एक आहे. पण ते तुझ्या हातात नाही."

"सांगा तर खरं."

"तुझं तोंड एकदा नीट बघायचंय."

खारूच्या हातातलं बटण काजात जाईना.

"दुपारी तू येतेस ना," आजोबा पुढे म्हणाले, "इथे समोर खुर्ची ओढून बसतेस, इतकं गोड बोलतेस, पण दिसत नाहीस. डाग नेमका तुझ्यावरच येतो. तेवढं दिसलं असतं तर बरं झालं असतं."

"संध्याकाळी, आजोबा. मी संध्याकाळी येते. दुपारी दुकानात असते."

"तेच ते," आजोबा म्हणाले.

तिनं शेवटचं बटण लावलं, कॉलर सरळ केली आणि ती निघाली. नव्वदीत दुपारची संध्याकाळ आणि संध्याकाळची दुपार व्हायचीच, त्यात एवढं काय, असं ती जिना उतरताना स्वतःला म्हणाली.

२

"पडदा गेलाय म्हणतेस, आणि वर चष्मा करायचा म्हणतेस," दुकानाचे मालक म्हणाले. "गिऱ्हाइकाला असा सल्ला दिला असतास?"

"नसता दिला, काका."

"मग?"

"ते गिऱ्हाईक नाहीत ना."

मालक तोंडानं फटकळ, पण मनानं लोणी. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नंबर काढायची लेन्सची पेटी आणि वाचायच्या तक्त्यांची नळकांडी त्यांनी स्वतःच कापडी पिशवीत घालून दिली. "एखादा ठिपका जरी जास्त दिसला तरी मिळवलं," एवढंच म्हणाले. फ्रेम निवडायला मात्र खारूनं आठवडा लावला. दुकानात गर्दी नसली की ती एकेक फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवून बघायची. शेवटी हलकी, गोल काचांची, तपकिरी फ्रेम ठरली.

रविवारी दुपारी तीन वाजता तिनं आजोबांच्या खोलीत सगळं मांडलं. खोली म्हणजे पलंग, कपाट, टेबल, दोन खुर्च्या आणि त्यातून उरलेली वाट. डोळे तपासायला माणूस आणि तक्ता यांच्यात वीस फूट अंतर लागतं, आणि इथे दहासुद्धा नव्हतं. दुकानातही जागेची हीच रड होती, म्हणून तिथे आरसा वापरायचे. तक्ता बसणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर लावायचा, आरसा समोरच्या भिंतीवर, आणि बसणाऱ्यानं आरशात बघून वाचायचं. आरसा अक्षरं उलटी दाखवतो, म्हणून त्यासाठीचा तक्ताच मुळी उलट्या अक्षरांत छापलेला असतो. आरशात तो सुलटा होतो.

तिनं आपल्या खोलीतला आरसा आणून समोर टांगला, मागच्या भिंतीवर तक्ता चिकटवला, आजोबांना मधे खुर्चीत बसवलं. मोठी जड चाचणीची चौकट त्यांच्या नाकावर ठेवली आणि त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून ती एकेक लेन्स घालायला लागली.

"काही दिसतंय का?"

"धुकं," आजोबा म्हणाले. दुसरी लेन्स. "धुकं." तिसरी. "धुकं." आणि मग अचानक, "ग."

तक्त्यावर सगळ्यात वर एकच मोठं अक्षर होतं, ग.

"खालची ओळ?"

"म, ल." मग त्याच्या खालची. मग त्याखालची. आजोबा जरा मान कलती करून, पोरानं पाढे म्हणावेत तसे संथपणे वाचत गेले. शेवटची ओळ इतकी बारीक होती की भर उजेडात धडधाकट डोळ्यांनाही ती कष्टानं लागायची. तीही त्यांनी न अडखळता वाचली.

खारू रडायला लागली. आनंदानंच. त्या क्षणी चौकटीत जो नंबर होता तो तिनं वहीत उतरवला, आजोबांच्या डोक्यावर आपलं डोकं टेकवलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. सात वर्षं सगळे चुकले होते, डॉक्टर चुकले होते, ती स्वतः चुकली होती, आणि असं चुकण्याइतकं सुख दुसरं कशात नाही.

आवरायला घेतलं तेव्हा तक्ता भिंतीवरून सोडवता सोडवता ती थांबली. तक्त्यावरची अक्षरं सुलटी होती. नळकांड्यात दोन्ही तक्ते होते आणि तिनं घाईत आरशाचा सोडून साधाच तक्ता लावला होता. म्हणजे आरशात दिसत होती ती सगळी उलटी अक्षरं.

३

विचार करणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, त्याला कारण सापडतं. खारूलाही सापडलं. आजोबांनी हयातभर छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. ते पाहून भराभर ओळी लावणं हेच त्यांचं काम. सुलट्यापेक्षा उलटं ते जास्त झपाट्यानं वाचतात, अशी त्यांची चेष्टा व्हायची. झालं तर मग. पडदा गेलेल्या डोळ्यांना शेवटची ओळ कशी लागली, हे कोडं राहिलं, पण ते तिनं डॉक्टरांवर ढकललं.

चहा पिताना तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "काय हो आजोबा, उलटी अक्षरं कशी वाचलीत?"

"मी कुठे वाचली?" आजोबा बशी तोंडाला लावून म्हणाले. "तूच तर सांगत होतीस."

"मी?"

"आरशापाशी उभी राहून. हळूच. परीक्षेत कच्च्या पोराला सांगतात तसं. म्हटलं, एवढ्या प्रेमानं सांगतेय तर घ्यावं वाचून."

"मी तुमच्या शेजारी होते, आजोबा. पेटीपाशी."

"तिथेही होतीस," आजोबा म्हणाले. "एका जागी उभी राहत नाहीस, तीच तर खोड."

त्यांचा चहा संपल्यावर ती कपबशी ठेवायला गेली, आणि परत आली ती सरळ आरशापाशी. आरशाकडे पाठ करून उभी राहिली. इथून समोर आजोबा दिसत होते, आणि त्यांच्या डोक्यावर मागच्या भिंतीवर तक्त्याच्या चिकटपट्टीचे चार तुकडे. इथे उभ्या असलेल्याला तो तक्ता सुलटा दिसला असता. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता. पाठीला आरशाची काच गार लागली तशी ती बाजूला झाली.

४

दिवसभर आजोबांजवळ एक मावशी असायच्या. सकाळी नऊला येत, खारू संध्याकाळी परतली की जात. साठीच्या, कामाला चोख, बोलायला मोजून मापून. सोमवारी सकाळी खारूनं त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"मावशी, दुपारी आजोबा स्वतःशी बोलतात का हो?"

"नाही बाई. स्वतःशी कशाला बोलतील?"

"मग कुणाशी?"

मावशींनी हातातलं फडकं पिळून दोरीवर टाकलं. ही आपली फिरकी घेतेय की काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. "तुमच्याशीच की, ताई. जेवणं झाली की तुम्ही येता ना तासभर. तुम्ही असलात की मी आत येत नाही. आजोबा-नातीच्या बोलण्यात आपण कशाला? इथेच जरा पाठ टेकते."

"मला येताना बघितलंय तुम्ही?"

"आवाज ओळखत नाही होय मी तुमचा?" मावशी म्हणाल्या आणि मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "ताई, काही चुकलं का माझं?"

"नाही, नाही," खारू म्हणाली. तिला घाम फुटला होता, पण मावशी बिथरून काम सोडून गेल्या तर आजोबांचं कोण करणार, हा विचार त्यातूनही आधी आला.

त्या दिवशी सकाळी दुकानात एक निवृत्त मास्तर आले होते. चष्मा हरवला म्हणून तावातावानं नवा मागायला लागले, आणि चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता. मालकांनी अदबीनं आरसा पुढे केला. मास्तरांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "हा कुणाचा?" दुकान हसून हसून लोळायचं बाकी होतं. संध्याकाळी आजोबांना सांगायला चांगलं आहे, असं खारूच्या मनात येऊन गेलं. मग दीड वाजता डोकं दुखतंय असं सांगून ती घरी निघाली.

मावशी स्वयंपाकघरात चटईवर डोळे मिटून पडल्या होत्या. घरात लख्ख ऊन होतं. आजोबांच्या खोलीचं दार लोटलेलं, आणि आतून हसू येत होतं. आजोबांचं हसू, खोकल्यात संपणारं. त्याच्यावर एक बाईचा आवाज, "...आणि आरशात बघून म्हणतात काय, हा कुणाचा?"

स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ऐकू आला तर लगेच ओळखू येत नाही. खारूलाही एक क्षण लागला. मग तिला कळलं की हा आपला आवाज आहे, फक्त दमलेला नाही. आठ तास उभं राहून, गर्दीतून धक्के खात येऊन, दार उघडता उघडता "औषध घेतलंत का" असं विचारणारा नाही. सगळी दुपार मोकळी असलेला, लाड करणारा, तिचाच जुना आवाज. गोष्टही तिला जमली असती त्याहून छान सांगत होता.

तिनं दार ढकललं. पलंगावर आजोबा टेकून बसले होते. समोर रिकामी खुर्ची, पलंगाला गुडघे लागतील इतकी जवळ ओढलेली. पंख्याचा आवाज. दुसरं काही नाही.

आजोबांनी दाराकडे मान वळवली. "काय गं," ते म्हणाले, "काही विसरलीस का?"

५

त्या रात्री काही तिला झोप लागली नाही, पण सकाळ झाली की बुद्धी पुन्हा कामाला लागते. म्हाताऱ्या माणसांना आवाज ऐकू येतात. मावशी झोपेत असतात. आणि ती स्वतः? ती दमलेली होती, दीडच्या उन्हात चालत आली होती. राहता राहिली मास्तरांची गोष्ट. ती आदल्या संध्याकाळी सांगितली असेल, असं म्हणायची सोय नव्हती, कारण आदल्या संध्याकाळी ती घडलीच नव्हती. तिथे बुद्धी थांबायची, वळसा घालून परत पहिल्यापासून सुरू व्हायची.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं पुन्हा पेटी उघडली. "नंबर पक्का करायचाय," असं आजोबांना सांगितलं. एका कोऱ्या कागदावर तिनं स्वयंपाकघरात बसून मनाला येतील ते सहा आकडे लिहिले, कागद घडी करून आणला आणि उलगडून आजोबांच्या मागच्या भिंतीवर चिकटवला. मग चौकटीत त्यांच्या नंबरच्या लेन्स घातल्या आणि त्यांच्यावर दोन्ही डोळ्यांना काळ्या चकत्या. एक डोळा तपासताना दुसरा झाकायला असते ती चकती. दोन्हीकडे घातली की चांगला डोळसही ठार आंधळा.

"वाचा, आजोबा."

आजोबांनी मान कलती केली. खोलीत इतकं शांत होतं की खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली तीही स्पष्ट ऐकू आली. खारूला बाकी काही ऐकू आलं नाही.

"सात," आजोबा म्हणाले. "दोन. दोन. नऊ. शून्य. चार." आणि मग जरा लटक्या रागानं, "तू इतक्या हळू बोलू नकोस गं. आणि एकदा इथून बोलतेस, एकदा तिथून. माझी मान दुखते."

सहाही आकडे बरोबर होते. तिनं त्यांच्या नाकावरची चौकट उचलली. एक चकती खाली पडून गडगडत पलंगाखाली गेली. दुसरी तिनं काढली. मग, का ते तिला नंतरही सांगता आलं नसतं, त्या चौकटीतून तिनं स्वतः बघितलं. इतक्या जाड काचांतून चांगल्या डोळ्यांना सगळं फेसाळ दिसतं, हे ती रोज गिऱ्हाइकांना सांगायची. दिसलंही तसंच. पलंग विरघळला, कपाट विरघळलं, समोरच्या आरशात आजोबांचा एक पांढरा डाग आणि तिचा स्वतःचा एक करडा डाग.

आणि त्या दोन डागांच्या अलीकडे एक वेणी. कमरेपर्यंतची, तीन पेडांची, एकेक केस मोजता यावा इतकी लख्ख. आरशाकडे पाठ करून, आजोबांकडे तोंड करून कुणीतरी उभं होतं. वेणी जराशी हलली, मान वळायला लागते तशी.

खारूनं चौकट डोळ्यांवरून ओढून काढली. आरशात आजोबा होते, ती होती, आणि दोघांच्यात मोकळी फरशी.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "नंबर पक्का झाला."

६

चष्मा करूच नये, असं तिच्या मनात दहा वेळा आलं. काच फुटली म्हणायचं, फ्रेम मिळाली नाही म्हणायचं, थर्मासशेजारी आणखी एक रेडिओ ठेवायचा आणि विषय मिटवायचा. पण आजोबा आठवडाभर वाट बघत होते. मावशींना त्यांनी चार वेळा सांगितलं होतं की आपल्याला चष्मा येतोय. नखं कापून घेतली होती. आणि खरं सांगायचं तर खारूला स्वतःलाच राहवत नव्हतं. तिला आजोबांना दिसायचं होतं. सात वर्षं घास भरवणारी, औषधं मोजणारी, पाठ चोळणारी ती होती, आणि खुर्चीतल्या त्या आवाजानं यातलं काही केलं नव्हतं. आजोबांना एकदा डोळे येऊ देत, मग त्यांचं तेच बघतील, असं तिनं मनाशी घट्ट धरून ठेवलं. भीतीपेक्षा तिला मत्सर जास्त वाटत होता, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

वाढदिवसाच्या दिवशी तिनं रजा घेतली आणि मावशींनाही सुट्टी दिली. दुपार कुणाला द्यायचीच नव्हती. अकरा वाजता आजोबांना न्हाऊ घातलं, नवा सदरा चढवला, खिडकीचा पडदा पूर्ण सारला. ऊन थेट पलंगापर्यंत आलं. दुसरी खुर्ची तिनं उचलून मुद्दाम कोपऱ्यात नेऊन भिंतीला लावली आणि स्वतः आजोबांच्या समोर उभी राहिली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी.

"नव्वद वर्षं झाली, आजोबा. हे घ्या."

तिनं डबी उघडली, चष्मा काढला, दोन्ही काड्या अलगद त्यांच्या कानांवर बसवल्या आणि हात मागे घेतले.

आजोबांनी डोळे मिचकावले. एकदा, दोनदा. आणि मग तिनं ते पाहिलं, जे दुकानात ती रोज बघायची आणि या डोळ्यांत पुन्हा बघायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. नजर लागली. डागाच्या कडेनं चाचपडणारे ते डोळे थांबले आणि एका जागी ठरले.

फक्त ती जागा कोपऱ्यात होती.

"अगं," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "अगं, तशीच आहेस की. जराही बदलली नाहीस. मी उगाच भीत होतो." त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. सात वर्षांत खारूनं त्यांना असं सुखानं भरलेलं पाहिलं नव्हतं. ते कोपऱ्याकडे बघत हसत होते, मान डोलावत होते, मधेच "हो, हो" म्हणत होते. आपण कशासाठी हा चष्मा केला, ते तिच्या डोळ्यांपुढे घडत होतं. फक्त ती त्यात नव्हती.

"आजोबा," ती म्हणाली. "मी इथे आहे. इकडे बघा."

आजोबांनी मान वळवली. काचांमागचे मोठे झालेले डोळे तिच्या तोंडावर आले, तिच्या पांढऱ्या कानशिलांवरून, ओठांकडेच्या रेघांवरून सावकाश फिरले. तिला वाटलं, आता. आजोबांनी घाईघाईनं गाल पुसले आणि परक्या माणसासमोर सावरून बसावं तसे सावरून बसले.

"माफ करा हं," ते म्हणाले. "माझं लक्षच नव्हतं. आपण कोण?"

ओरडावं, त्यांच्या नाकावरून तो चष्मा हिसकावून घ्यावा, असं तिला वाटलं. हात पुढे झालाही. पण मग पुन्हा तो राखाडी डाग, पुन्हा तेच धुकं, आणि ते पाणी भरलेले डोळे पुन्हा चाचपडायला लागणार. नव्वद वर्षांच्या माणसाला ते दुसऱ्यांदा द्यायला तिचा हात उचलेना.

"मी दुकानातून आलेय," खारू म्हणाली. "चष्मा नीट बसतोय का ते बघायला."

"असं होय! छान बसलाय हो. फार उपकार झाले तुमचे." आजोबा कोपऱ्याकडे वळले. "बघितलंस? घरी माणूस पाठवतात."

तिनं वाकून त्यांच्या कानामागची काडी जराशी दाबली, सैल होती तेवढी घट्ट केली. हे काम तिला झोपेतही आलं असतं. आजोबा शहारले.

"हात किती गार आहेत तुमचे," ते कळवळून म्हणाले. "बसा ना. उभ्या का? खारू, बाईंना गरम चहा टाक बघू."

कोपऱ्यात भिंतीला लावलेली खुर्ची करकरली. फरशीवर अनवाणी पावलं वाजली, तिच्या अगदी जवळून दाराकडे गेली, आणि जाताना न्हायलेल्या केसांचा ओलसर वास आला. खारूनं मान खाली घातली ती वर केली नाही. पॅसेज. स्वयंपाकघर. डब्याचं झाकण, जे नेहमी दुसऱ्या झटक्याला उघडतं, ते दुसऱ्या झटक्याला उघडलं. गॅस पेटला. कुठला डबा कुठे आहे हे तिकडे कुणाला विचारावं लागलं नाही.

"नात आहे माझी," आजोबा कौतुकानं म्हणाले. "माझी एकुलती एक. फार करते माझं."

"हो," ती म्हणाली. "दिसतंय."

आता उठावं आणि जावं, असं तिला वाटत होतं. पायांत बळ होतं, दार उघडं होतं. स्वयंपाकघरात कपबशा बाहेर आल्या. तीन. त्या तिनं आवाजावरून मोजल्या.

"आणि आपण कुठे राहता?" आजोबांनी तिला अदबीनं विचारलं. "लांब पडत असेल."

पॅसेजमधून ट्रेचा किणकिणाट जवळ येत होता.

"नाही," ती म्हणाली. "इथेच राहत होते."